काकड्याच्या फुलांवरचा अभिप्राय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुदखेडच्या चाचांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक आहे आणि तिला त्याचा राग नाही. ती म्हणते, "आमी जन्म दिला, शाना त्यांनी केला."

चाचांचा मुदखेडला स्टेशनच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. अकरावीत असताना मी फॉर्मसाठी फोटो काढायला गावाहून तिथे गेलो. चाचा कॉम्प्युटरवर एका फाटक्या, जुन्या फोटोतला चेहरा जोडत बसले होते. फोटोतल्या बाईचं अर्धं नाक आणि एक गाल नव्हताच. चाचांनी दुसऱ्या बाजूचा गाल उचलला, पालथा घातला, उजेड जुळवला आणि बाई पुरी झाली. माझा फोटो निघून तास झाला तरी मी तिथेच उभा. चाचा मान न वळवता म्हणाले, "घर हाय का न्हाई तुला?"

बारावी झाल्यावर मी त्यांना म्हणालो, मला पुढे शिकायचं नाही, दुकानातच ठेवा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "दुकान कुठं पळून जायलंय का बेटा? नांदेडला कॉलेजात नाव घाल. रविवारी इकडं ये. एका जरी पेपरात लटकलास, तर ह्या खुर्चीला हात लावू देणार न्हाई." तीन वर्षं मी रविवारी त्यांच्याकडे शिकलो आणि बाकीचे दिवस कॉलेजात. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आज मी लातूरला एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. चाचांनी त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर मी आज काय असतो, याचा विचार मी फार करत नाही.

फोटोचा नाद राहिला. सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन फिरतो. आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, नांदेड आणि लातूरकडच्या हौशी लोकांचा, चाळीसेक जणांचा. काही जण फोटो काढतात, काही टॅबवर चित्रं रंगवतात. ग्रुप चालवतात त्या लातूरच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम. दर रविवारी तीन चित्रं पडतात, काढणाऱ्याचं नाव न लिहिता. चित्रं मॅडमकडेच पाठवायची, त्या टाकतात. मग ज्याची पाळी असेल त्याने सविस्तर अभिप्राय लिहायचा.

मी पहिल्यांदा अभिप्राय लिहिला त्याची मला अजून लाज वाटते. चित्र होतं एका म्हातारीचं, पाटावर बसून लसूण सोलणारीचं. मी आकडे घालून बारा चुका लिहिल्या. अंगठा लांब, पाटाची कड वाकडी, सावली उलट्या बाजूला, असं बरंच. आम्ही ज्या शाळांतून आलो, तिथे कुणी आपलं काम वाचलं म्हणजे त्यावर लाल शाई पडली, एवढंच आम्हाला ठाऊक. मला तर वाटत होतं की मी फार मेहनत घेतली, म्हणजे त्या माणसाचा मान राखला. चित्र काढणारी होती लातूरच्या एका दवाखान्यातली नर्स. तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "सर, पास का नापास?" सगळे हसले. तिने मात्र दोन महिने चित्र पाठवलं नाही.

मग मॅडमनी पद्धत घालून दिली. आधी चित्रात काय दिसलं ते लिहायचं. मग काय आवडलं, नेमकं कुठल्या जागी. मग एकच गोष्ट सुचवायची, तीही काढणाऱ्याला बदलता येईल अशी. आणि "लई भारी", "एक नंबर", "जबरदस्त भाऊ" असं लिहायला बंदी. कुणी लिहिलंच तर दंड म्हणून पुढच्या रविवारी त्याचं चित्र चर्चेला. या दंडाच्या धाकाने लोक खरोखर बघायला शिकले. एका बेकरीवाल्या भावाने पहाटेच्या गोदावरीच्या फोटोवर लिहिलं होतं, "पाणी पाण्यासारखं दिसायलंय पण थंड वाटंना." आम्ही तीन दिवस त्यावर बोललो.

चाचांना ग्रुपात मीच आणलं. स्टुडिओ बंद झाला होता. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आल्यावर फोटो काढायला कोण येणार? हैदराबादला असलेल्या मुलाने त्यांना टॅब पाठवला, त्यावर पेनाने चित्रं काढता येतात. सत्तरीत आलेला माणूस, पण महिनाभरात हात बसला. ते समोर काही ठेवून काढत नाहीत. आठवणीतून काढतात. बंद पडलेली टॉकीज, देगलूर नाक्यावर बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा नालबंद, लग्नातला फोटो काढताना हसू दाबणारी नवरी. नाव नसलं तरी चाचांचं चित्र सगळ्यांना ओळखू येई. ग्रुपातल्या निम्म्या नांदेडकरांचे दहावीचे फोटो त्यांनीच काढलेले.

या वर्षी उन्हाळ्यानंतर त्यांची चित्रं निळी पडू लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, मुद्दाम केलं असेल. संध्याकाळचं चित्र होतं. नंतर आलं दुपारच्या बाजाराचं, त्यातही कापसाचा ढीग निळसर. धोतर धुताना नीळ जास्त पडावी तसा. आणि सावल्यांत सगळं एकच काळं. तिथे माणूस आहे की पोतं, ते कळत नव्हतं. ज्यांनी मला सावलीत निदान चार रंग तरी शोध म्हणून शिकवलं, त्यांच्या चित्रात हे.

आणि ग्रुपवर काय आलं? "एक नंबर चाचा." "लई भारी." "उस्ताद ते उस्ताद." एकामागून एक. बंदी सगळे विसरले, मॅडमनीही दंड लावला नाही. बेकरीवाल्याने नुसते हात जोडले. मीही अंगठा टाकला.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. लातूरला एक हॉल मिळाला होता, ग्रुपचं प्रदर्शन ठरलं होतं. चाचांची सहा चित्रं मोठ्या आकारात छापून दर्शनी भिंतीला लावायची होती.

"छापायच्या आधी त्यांना कुणीतरी लिहायला हवं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसलंय ना?"

"काय मॅडम?" मी उगाच विचारलं.

"सर, वेड पांघरू नका. त्यांनी काकड्याच्या फुलांचं नवं चित्र पाठवलंय, ते बघा. मी लिहिलं तर परक्या बाईने लिहिलं असं होईल. तुम्ही त्यांचे आहात."

काकडा म्हणजे मोगऱ्यासारखी पांढरी फुलं, मुदखेडच्या भागात त्याचे मळे आहेत. चाचांच्या चित्रात फलाटावर टोपल्या ठेवल्या होत्या, बायका ओली फडकी घालत होत्या, आणि टोपल्यांत जे होतं ते गोकर्णाचं फूल म्हणून खपलं असतं.

मी ते चित्र माझ्या मोबाइलवर बघितलं, मग बायकोच्या, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, मग शेजारच्या टेबलावरच्या बाबूंच्या. कुठे तरी ते पांढरं दिसेल अशी आशा होती. बाबू म्हणाले, "निळी फुलं छान आहेत." घरी बायकोला पुन्हा दाखवलं, तर ती वैतागली. "अहो, सकाळपासून चौथ्यांदा दाखवताय. तुमच्याच डोळ्यांना काही झालं नाही ना?"

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं की डोळ्यांना काही झालं असेल, पण माझ्या नाही.

मी तो विचार दाबला. टॅबमध्ये डोळ्यांना आराम देणारी एक सेटिंग असते, ती चालू राहिली की पडदा पिवळा होतो. पिवळ्या पडद्यावर पांढरं आणायचं तर माणूस निळा घालणारच. हेच असणार. एक बटण दाबलं की सुटलं. मी अभिप्राय लिहायला घेतला, खोडला, परत लिहिला. "चाचा, एकच सुचवतो," एवढं वाक्य मी सात-आठ वेळा पुसलं असेल. मला त्यांना सुचवायचा काय अधिकार? शेवटी ठरवलं, जाऊन टॅब बघावा.

गेल्या शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड, आणि पुढे गाडीने मुदखेड. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो.

चाचा ओसरीत पाट मांडीवर घेऊन बसले होते, त्यावर टॅब. टॅबची ब्राइटनेस इतकी की भिंतीवर उजेड पडला होता.

"या साहेब," ते म्हणाले. "लातूरकर झालास म्हणून रस्ता विसरलास वाटलं मला."

"ऑफिसात कामं लई हायत चाचा."

"हाव, सरकार तूच चालवून राहिलास."

चाचींनी चहा आणला. मी टॅब बघायच्या निमित्ताने हातात घेतला आणि सेटिंग उघडली. ती बंद होती. मी चालू केली, परत बंद केली, की काही चुकून अडकलं असेल. काही अडकलेलं नव्हतं. पडदा स्वच्छ पांढरा होता आणि त्यावरची फुलं निळी होती.

"काय खुडबूड करायलास?" चाचांनी विचारलं.

"काही न्हाई. अपडेट बघतोय." मग मी म्हणालो, "चाचा, ह्या फुलांना पांढरा कुठला घेतला?"

त्यांनी पेन उचललं, रंगांच्या चौकटीवर नेलं, जरा वाकले, आणि फिकट आभाळी रंगावर टेकवलं. हात जराही थरथरला नाही. "हा. बाकीचे पांढरे मळके दिसतात."

हीच वेळ होती. समोर चाचा, मध्ये चित्र, तिसरं कुणी नाही. आणि त्यांनीच मला आणखी सोपं करून दिलं.

"बेटा, सच बोल. ग्रुपात सगळे 'एक नंबर, एक नंबर' लिहायलेत. चाळीस वर्षं धंदा केला मी. गिऱ्हाईक एक नंबर कवा म्हणतंय मालूम हाय? घाई असल्यावर. फोटो आवडला तर ते काही बोलत न्हाई, आधी बायकोला दाखवतंय."

मी हसलो. मग म्हणालो, "चांगलंच झालंय चाचा. जरासा निळा वाटतोय कुठं कुठं. पडद्याचा फरक असंल."

"पडद्याचा," ते म्हणाले.

"हाव. प्रत्येक मोबाइलला वेगळं दिसतं."

मग त्यांनी टॅब झाकला आणि माझ्या मुलीची शाळा कशी चाललीय ते विचारू लागले. मी पाऊण तास तिच्या शाळेबद्दल बोललो.

निघताना चाची दारापर्यंत आल्या. चाचा आत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू काई बोलला का न्हाई त्यांना?"

"कशाबद्दल चाची?"

"दोन म्हैने झाले बाबा. काळा मोजा आन निळा मोजा, दोन्ही एकच म्हणायलेत. संध्याकाळी गाडी काढंनात. पेपर घेतात, तर चौकात उन्हात जाऊन उभं राहतात. मी डॉक्टर म्हणलं की, म्हणतात, चाळीस वर्षं ह्याच डोळ्यांनी पोट भरलं, मला शिकवू नको." त्यांनी पदराने हात पुसले. "तुझं ऐकतील. तुला त्यांनी शिकवलंय ना."

मी हो म्हणालो. आत जाऊन बोलायला पाच पावलं होती. मी स्टेशनकडे चालू लागलो.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते आठवत नाही. आठवतं ते माझंच वाक्य, पडद्याचा फरक असंल. त्या नर्सला मी ओळखतही नव्हतो, तिच्या चित्रात मला बारा चुका दिसल्या आणि बाराही मी लिहिल्या. ज्या माणसाचं देणं फिटणार नाही, त्याच्या चित्रातली एक मला सांगता आली नाही. आणि ही एक सांगितली नाही, तर सहा चित्रं भिंतीएवढी छापली जाणार. लातूर-नांदेडची माणसं समोर उभी राहून हात जोडणार आणि बाहेर पडल्यावर म्हणणार, चाचांचं वय झालं. त्याहून वाईट म्हणजे तोवर आणखी दोन महिने जाणार. डोळ्यांतलं मला काही कळत नाही. उशीर केल्याने काय होतं, ते ऑफिसातल्या एका बाबूंच्या वडिलांचं पाहिलं होतं. त्यांना आता हात धरून न्यावं लागतं.

रविवारी मॅडमना फोन करून चाचांच्या चित्रांसाठी आठ दिवस मागून घेतले. कारण विचारू नका म्हणालो. त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी मी पत्र लिहिलं. मोबाइलवर लिहिलं असतं तर ग्रुपातल्या मेसेजांच्या गर्दीत ते हरवलं असतं, आणि फोनवर बोललो असतो तर पुन्हा मुलीच्या शाळेवर गेलो असतो. जाड काळ्या पेनाने, ठळक अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिलं. पोस्टात टाकताना हात पेटीच्या तोंडाशी अडकल्यासारखा झाला. मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, टाकायलाव का वाचायलाव?" मग टाकलं.

आज गुरुवार. पत्र पोचलं असेल. मुदखेडहून फोन आलेला नाही. चाचींचाही नाही. एरवी रोज सकाळी चाचांचा ग्रुपवर सलाम येतो, आज तो आला नाही. मी कच्ची प्रत ठेवली होती, ती इथे देतो.

चाचांना सलाम.

शनिवारी तुम्ही मला सच बोल म्हणालात आणि मी खोटं बोललो. पडद्याचा फरक नाही. मी चार पडद्यांवर बघितलं, पाचवा तुमचा.

तुमच्या चित्रात मला काय दिसलं ते आधी लिहितो. फलाटावर चार बायका आहेत. तिसरीने फडकं पिळताना डोळे मिटलेत, कारण पाणी तोंडावर उडतंय. हे मी मुदखेड स्टेशनवर शंभर वेळा पाहिलं असेल, पण तुम्ही काढेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. टोपल्या गाडी येणार म्हणून एका बाजूला ओढलेल्या आहेत, त्यामुळे गाडी चित्रात नसूनही येतेय असं वाटतं. हे आमच्या ग्रुपात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला तर नाहीच.

आता एक गोष्ट. फुलं निळी आहेत. थोडी नाहीत, पुरती निळी. तुम्ही ज्या रंगाला पांढरा म्हणून पेन टेकवलं, तो आभाळी आहे. बाजाराच्या चित्रातला कापूसही तसाच, आणि सावलीतली माणसं दिसत नाहीत. उन्हाळ्याआधीच्या एकाही चित्रात असं नाही, मी सगळी परत काढून बघितली. म्हणजे हात चुकत नाही चाचा. डोळे दाखवायला हवेत. मी डॉक्टर नाही, माझं चुकीचं निघालं तर मला सगळ्यांत जास्त आनंद होईल. चाचींनाही काळजी आहे. त्यांच्यावर रागावू नका. मला जे दिसलं ते त्यांना आधी दिसलं होतं.

प्रदर्शनाचं मी काही ठरवलेलं नाही. मॅडमकडून आठ दिवस घेतलेत, कारण सांगितलेलं नाही. आहेत तशी लावा म्हणालात तर तशी लावू, मी स्वतः खिळे ठोकीन. थांबवा म्हणालात तर थांबवू. चित्रं तुमची आहेत.

नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात येत्या शनिवारी अकराचा नंबर लावलाय. मी सकाळी लातूरहून निघतो आणि नऊच्या सुमारास नांदेडला स्टेशनवर थांबतो. तुम्ही आणि चाची मुदखेडहून गाडीने या. तपासताना डोळ्यांत थेंब घालतात, मग दोन-तीन तास धुरकट दिसतं, म्हणून गॉगल ठेवा आणि परतीला मी सोबत येईन. तुम्ही आला नाहीत तर दुपारी मी मुदखेडला येतो. दार उघडलं नाही तर ओसरीत बसतो. शिव्या द्यायच्या असतील तर तेव्हा द्या, पण पुढच्या शनिवारी चला.

तुमचा,
मुलगाच म्हणा